एस्पेन ब्रेडेसेन आणि साडेचार मीटर

१९९२च्या आल्बेर्व्हिल ऑलिंपिकमध्ये छोट्या टेकडीवरच्या स्की जम्पिंगमध्ये नॉर्वेचा एस्पेन ब्रेडेसेन चक्क शेवटचा आला. कॅलगरीत तळाला राहिलेल्या ब्रिटिश एडी ‘द ईगल’ एडवर्ड्सवरून यालाही ‘एस्पेन द ईगल’ म्हणून चिडवलं गेलं. आणि पुढच्याच वर्षी फालुनच्या जागतिक स्पर्धेत मोठ्या टेकडीचं वैयक्तिक आणि सांघिक, अशी दोन सुवर्णपदकं त्याच्या गळ्यात!

हा काळ लक्षात घ्यायला हवा. स्वीडनच्या यान बोकलोवने रूढ केलेली ‘व्ही’ शैली तेव्हा सगळा खेळच पालटत होती. समांतर स्कीत शरीर स्कीच्या वर राहतं. ‘व्ही’मध्ये स्कीची टोकं बाजूंना फाकतात, छाती मधल्या फटीत झुकते, वाऱ्याला जास्त क्षेत्रफळ मिळतं आणि तो उचलून धरतो. सांगायला सोपं, करायला महाकठीण. ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेग असताना पाय ताणायला मिळतो जेमतेम ०.३ सेकंद, म्हणजे घसरपट्टीचे शेवटचे सात-आठ मीटर. लवकर ताणले तर जोर काठाआधीच संपतो. उशीर झाला तर रेटायला खाली पट्टीच उरत नाही. एक स्की दुसरीच्या आधी उघडली की उडी तिरकी जाते.

१९९३-९४च्या हंगामात ब्रेडेसेनने विश्वचषक आणि ‘फोर हिल्स’ (जर्मनी-ऑस्ट्रियातल्या चार टेकड्यांवरची मालिका) दोन्ही मारले. मग घरचं ऑलिंपिक, लिलेहामर. मोठ्या टेकडीचा के-पॉइंट, म्हणजे अंतराचे गुण ज्यावरून मोजतात ती खूण, १२० मीटर. तिथवर पोचलात की ६० गुण, पुढच्या-मागच्या प्रत्येक मीटरला १.८. शैलीचे पाच पंच, प्रत्येकाकडे २० गुण. सर्वात जास्त आणि सर्वात कमी सोडून तिघांचे धरायचे.

ब्रेडेसेनची पहिली उडी १३५.५ मीटर, अंतराचे ८७.९ गुण. जर्मनीचा येन्स वाइसफ्लॉग १२९.५वर. दुसऱ्या फेरीत वाइसफ्लॉग १३३, ब्रेडेसेन १२२. अंतिम आकडे २७४.५ आणि २६६.५. फरक ८ गुणांचा, म्हणजे साडेचार मीटर. शैलीचे गुण तेच धरून दुसरी उडी १२६.५ असती, तर सुवर्ण ०.१ गुणाने नॉर्वेचं! वारा आणि घसरण जिथून सुरू होते त्या गेटच्या उंचीनुसार गुण कमी-जास्त करायची आजची पद्धत तेव्हा नव्हती, त्यामुळे जो वारा वाट्याला आला तो आला.

पाच दिवसांनी छोटी टेकडी. के-पॉइंट ९०, मीटरला २ गुण. ब्रेडेसेन १००.५ आणि १०४ मीटर: अंतराचे ८१ अधिक ८८, शैलीचे ११३, एकूण २८२. शैलीच्या १२०पैकी ११३ म्हणजे दोन्ही उड्या लांब जाऊनही टेलेमार्क नीट बसला. टेलेमार्क म्हणजे एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, असं टेकणं. लांब उडीत तोच आधी हुकतो, कारण खाली उतार सपाट होत जातो आणि धक्का वाढतो. दुसरा आलेला त्याचाच सहकारी लासे ओटेसेन १४ गुणांनी मागे. माझ्या लेखी ब्रेडेसेनचा खरा कळस हाच, पुढचे विक्रम नव्हेत.

तसे विक्रमही आहेतच. त्याच मार्चमध्ये स्लोव्हेनियातल्या प्लानित्साला फिनलंडच्या टोनी निएमिनेनने २०३ मीटरवर टेकून दोनशेचा उंबरठा ओलांडला, तर दुसऱ्याच दिवशी ब्रेडेसेन २०९वर. १९९७ला तिथेच त्याने २१० केले. तो विक्रमही लगेच गेला, २१२ मीटरने. मोडणारा तोच सहकारी, ओटेसेन.