ब्रॅग पीकपाशी राहिलेले दहा टक्के

मुंबईत कर्करोगाच्या उपचाराच्या प्रोटॉन बीमखाली, म्हणजे प्रोटॉनच्या झोताखाली, ठेवलेल्या आणि किरणांचा डोस नोंदवणाऱ्या फिल्मच्या पट्ट्या घेऊन मी फोंड्याला परतले, तेव्हा आषाढाचा पाऊस कोसळत होता. पट्ट्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात, डबा छातीशी धरलेला. स्कॅनिंग नीट झालं. आकडे जुळवले, तर ब्रॅग पीकपाशी, म्हणजे प्रोटॉन थांबण्याआधी डोस जिथे शिखर गाठतो तिथे, फिल्म आयन चेंबरपेक्षा (हवेतल्या आयनांवरून डोस मोजणारं उपकरण) दहा टक्के कमी डोस दाखवत होती.

पीकपाशी प्रोटॉन मंदावतो आणि थोड्याच अंतरात पुष्कळ ऊर्जा सोडतो. फिल्ममधले रंग घेणारे रेणू त्या चिंचोळ्या वाटेत संपून जातात, उरलेला डोस उमटतच नाही. उपचारात कर्करोगाची गाठ नेमकी तिथेच असते. हा कमी आकडा खरा धरून कोणी डोस वाढवला तर भोगणार रुग्ण. दुरुस्तीसाठी प्रत्येक खोलीवरचं एलईटी, म्हणजे ठरावीक अंतरात सुटणारी ऊर्जा, काढावी लागते. त्याला मॉन्टे कार्लो गणना, म्हणजे असंख्य प्रोटॉनांचा प्रवास यादृच्छिक आकड्यांनी संगणकावर करून पाहणं, हवी आणि मोठा संगणक.

इथेच घोडं अडलं. एका संस्थेच्या संगणकासाठी अर्ज केला. विषयात 'प्रोटॉन किरणोत्सर्ग' हे शब्द होते, तेवढ्यावरून अर्ज सुरक्षा समितीकडे. स्रोत कुठे ठेवणार? कचऱ्याची विल्हेवाट कशी लावणार? इथे एकही प्रोटॉन येणार नाही, फक्त आकडेमोड होणार, असं तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा कागद परत, वर लाल शाईत 'ना हरकत दाखला जोडा'. दाखला देणारे साहेब रजेवर. चवथ आली, गणपती पोचवले, अर्ज तिथेच. सात आठवडे! शेवटी खिडकीवरचे काका हळूच म्हणाले, "मॅडम, विषयच बदला." 'संगणकीय गणना' लिहिलं, दोन दिवसांत मंजुरी. असं मोजमाप करणार असाल, तर तुम्ही पहिल्याच अर्जात तेच लिहा.

हो, बीम हातात असतानाच चेंबरचं वाचन दोन व्होल्टेजवर घ्या. पुनर्संयोगाची, म्हणजे मोजण्याआधीच पुन्हा जुळून गेलेल्या आयनांची, दुरुस्ती त्यातूनच निघते, नंतर पुन्हा वेळ मिळत नाही. चेंबर हवेला उघडा असतो, तापमान ३ अंशांनी चढलं की वाचन साधारण १ टक्क्याने उतरतं. म्हणून तापमान आणि दाब अधूनमधून नोंदवत राहा. आणि सगळ्या पट्ट्या स्कॅनरवर एकाच दिशेने ठेवा.

एलईटीच्या दुरुस्तीनंतर फिल्म आणि चेंबरचे आलेख एकमेकांवर बसले, तेव्हा मी आईला हाक मारून दाखवले. पीकच्या पलीकडच्या उतारावर मात्र फिल्म अजून थोडी मागे आहे. तिथे एलईटी इतकं झपाट्याने चढतं की पट्टी अर्धा मिलिमीटर सरकली तरी आकडा बदलतो. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तेवढा फरक तसाच लिही, लपवू नकोस." तसाच लिहिला.