दोन इंजिनं, पण डीपी एकच नको
ऑकलंडला गॅरेजमध्ये मी आणि शेजारी मिळून सात मीटरची प्लायवूडची बोट बांधतोय, ही बातमी गावभर झालीच होती. दिवाळीला यवतमाळकडे आलो, तर कापूस वेचणीच्या धामधुमीतही काकांनी लॅपटॉपवर बोटीची ड्रॉइंग उघडायला लावली. ट्रॅक्टरचं इंजिन घरीच खोलून बसवणारा माणूस. पहिलाच प्रश्न: "दोन इंजिनं काऊन रे बाबू? एकच मोठ्ठं घ्याले काय झालं?"

प्रश्न रास्त आहे. 225 हॉर्सपॉवरचं एक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, साधारण अडीचशे किलोचं. 115 ची दोन घेतली की वजन साडेतीनशेच्या घरात जातं, आणि हे जादा शंभर किलो बोटीच्या अगदी मागच्या टोकाला लटकतात. सर्व्हिसिंग दुप्पट, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातली चक्रं (इम्पेलर) दोन, गिअर ऑइल दोनदा. पेट्रोलही वाचत नाही. दोन्ही पूर्ण थ्रॉटलवर पळवली तर तासाला ऐंशीएक लिटर सहज जातं. नुसत्या हिशेबात एकच बरं.

पण आम्हाला ऑकलंडजवळच्या मनुकाऊ बंदराच्या तोंडातून समुद्रात बाहेर पडायचंय. तिथे वाळूचे उथळ पट्टे आहेत आणि त्यांवर लाटा फुटतात. 1863 मध्ये 'ऑर्फियस' हे ब्रिटिश युद्धजहाज तिथेच वाळूत रुतलं आणि 189 माणसं गेली. अशा जागी इंजिन बंद पडलं की बोट लाटेला आडवी होते, मग उलटायला वेळ लागत नाही. बरेच जण मोठ्या इंजिनाच्या जोडीला दहा-पंधरा हॉर्सपॉवरचं छोटं लावतात. शांत पाण्यात हळूहळू घरी यायला ते ठीक, फुटत्या लाटेत त्याचा जीव तो किती! 115 चं एक बंद पडलं तर दुसऱ्यावर भरलेली बोट बहुधा जोरात पळणार नाही, पण तोंड लाटेकडे धरून ठेवेल. मला तेवढंच हवंय.

काका ऐकत होते. मग विचारलं, "टाकी किती?" ड्रॉइंगमध्ये एकच होती.

"मंग दोन इंजिनं कायची? आपल्या विहिरीवर दोन मोटरी हायेत, डीपी एकच. डीपी जळाली का दोन्ही बंद."

डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. समुद्र काकांनी फक्त मुंबईला पाहिलाय, पण मुद्दा पक्का. आउटबोर्ड बंद पडतं ते बऱ्याचदा पेट्रोलातल्या पाण्याने, कचऱ्याने, नाहीतर बॅटरीने. टाकी सामायिक असेल तर खराब पेट्रोल दोघांनाही एकदमच मिळणार. म्हणून आता टाक्या दोन, पाणी वेगळं करणारे फिल्टर दोन, बॅटऱ्या दोन. टाक्या आणि बॅटऱ्या थोड्या पुढे सरकवल्या की मागचा भारही सावरतो.

पंख्यांचा, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरचा, प्रश्न उरलाय. जोडीत एक पंखा उजवीकडे आणि दुसरा डावीकडे फिरणारा घेतात, म्हणजे बोट एका बाजूला ओढली जात नाही. पण मग जादा पंखेही दोन वेगवेगळे न्यावे लागतात, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. शेजाऱ्याला ते स्टेनलेसचे हवेत. काकांनी फोनवरूनच त्याला मोडता घातला: ॲल्युमिनियमचेच घ्या, दगडावर आपटलं तर पंखा मोडू दे, गिअर वाचला पायजे. मी भाषांतर करून सांगितलं, तर तो म्हणतोय की काकांनाच पुढच्या वर्षी इकडे घेऊन ये.