न संपलेल्या धावेचा अभिमान

पुण्यात आले की दर खेपेला कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतंच. गेल्या डिसेंबरात मावशीनं विचारला. "काय गं, तिथल्या लोकांना आपल्या देशाचा अभिमान-बिभिमान असतो का? अमेरिकेचं कसं, घराघरावर झेंडा. तुमच्या कॅनडाचं काही ऐकूच येत नाही." तेव्हा घाईत काहीतरी सांगून विषय बदलला, आणि ते मनाला लागून राहिलं. टोरांटोजवळच्या मिसिसॉगात माझी बावीस वर्षं गेली. या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं.

असतो. भरपूर असतो.

मुलगी पहिलीत गेली त्या सप्टेंबरात तिनं शाळेतून आल्या आल्या एक टूनी मागितली. टूनी म्हणजे इथलं दोन डॉलरचं नाणं. "टेरीसाठी हवीय." कोण टेरी, मला पत्ता नव्हता. वर्गातला असेल एखादा मुलगा, म्हणून दिली. त्या शुक्रवारी पालकांनाही बोलावलं होतं. गेले तर सगळी शाळा मैदानाला फेऱ्या मारत होती. कोणाची शर्यत कोणाशी नव्हती. प्रत्येकाच्या छातीवर एक स्टिकर, त्यावर "मी धावतेय ... साठी" आणि पुढची जागा मुलांनी आपल्या हातानं भरलेली. आजीसाठी, काकासाठी, शेजारच्या बाईंसाठी. माझ्या लेकीनं रोमन अक्षरांत, एक अक्षर उलटं काढून, 'नाना' लिहिलं होतं. माझे वडील त्याच्या आदल्या वर्षी कर्करोगानं गेले होते. घरात आम्ही तिच्यासमोर फारसं बोललो नव्हतो, तरी तिनं लिहिलं.

तर टेरी फॉक्स. ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलम गावचा मुलगा. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी त्यानं देशाच्या पार पूर्वेला, सेंट जॉन्सला, आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पश्चिमेला पॅसिफिककडे धावायला सुरुवात केली. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. चांगल्या पायावर दोनदा उडी, मग कृत्रिम पाय पुढे, अशी त्याची चाल. कर्करोगाच्या संशोधनासाठी प्रत्येक कॅनडियनाकडून एक डॉलर, एवढंच त्याचं मागणं होतं. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, थंडर बेजवळ, कर्करोग फुप्फुसात पोचल्याचं कळलं आणि धाव थांबली. पुढच्या जूनमध्ये तो गेला. वय बावीस. तोवर दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमले होते, म्हणजे खरोखरच माणशी एक.

पॅसिफिक त्याला गाठता आला नाही. धाव पुरी न झालेल्या या मुलाला अख्खा देश छातीशी धरून आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. २००४ साली सीबीसी या इथल्या सार्वजनिक वाहिनीनं 'सर्वांत थोर कॅनडियन कोण' म्हणून लोकांची मतं मागवली, तेव्हा टेरी दुसरा आला. पहिला आला टॉमी डग्लस. सस्कॅचवान प्रांतात दवाखान्याचं बिल सरकारनं भरायची पद्धत आणणारा नेता. सेनापती नाही, की हॉकीचा हिरो नाही. तपासणीच्या तारखेसाठी महिनोन्महिने ताटकळावं लागतं म्हणून चिडलेली माणसंही ती पद्धत मोडू द्यायला तयार नसतात, हे मी दवाखान्यांच्या बाकांवर बसून ऐकलंय.

'सॉरी'बद्दलही तुम्ही हमखास विचारता. धक्का तुमचा लागला तरी समोरचा सॉरी म्हणतो, हे खरं. आमच्या ऑन्टेरिओ प्रांतात तर २००९ पासून कायदाच आहे की माफी मागितली म्हणजे चूक कबूल केली असं कोर्टात धरायचं नाही. पण मला कळलेलं सॉरी वेगळं आहे. जानेवारीतल्या एका पहाटे रस्ता साफ करणारी गाडी आमच्या दाराशी बर्फाचा कमरेएवढा बांध घालून गेली. नवरा परगावी. मी फावडं घेऊन बाहेर पडते तो बांध गायब, आणि पलीकडचे सत्तरीचे आजोबा आपलं यंत्र आत नेताहेत. मी आभार मानायला गेले तर तेच म्हणाले, "सॉरी, आवाजानं झोपमोड झाली असेल तुमची."

या अभिमानात लाजही आहे, आणि तीही ते लपवत नाहीत. ३० सप्टेंबरला शाळांत नारिंगी शर्ट घालतात. १९७३ साली फिलिस वेबस्टॅड नावाच्या सहा वर्षांच्या आदिवासी मुलीचा, आजीनं घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट निवासी शाळेत, म्हणजे आदिवासी मुलांना आपली भाषा-संस्कृती विसरायला लावणाऱ्या शाळेत, पहिल्याच दिवशी काढून घेतला, त्याची ही आठवण. अशा शाळांत दीड लाखाहून जास्त मुलं घरापासून तोडली गेली. २०२१ पासून हा दिवस केंद्र सरकारनं सुट्टीचा केलाय. नुसत्या सुट्टीनं ते भरून येणार नाही, हे मूळ रहिवासी सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या देशानं केलेलं पाप पहिलीतल्या मुलाला वर्गात सांगायचं, याला धैर्य लागतं.

आणि झेंडेही निघतात बरं का. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या राष्ट्राध्यक्षांनी कॅनडाला अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य म्हणायचा सपाटा लावला, तेव्हा आमच्या गल्लीतही लागले. मला मात्र जास्त आठवते ती वाणसामानाच्या दुकानातली एक बाई. चष्मा कपाळावर सरकवून संत्र्यांच्या जाळीवरचं लेबल वाचत होती. फ्लोरिडाची जाळी तिनं जागेवर ठेवली, मोरोक्कोची उचलली, आणि मला वाट द्यायला बाजूला होत म्हणाली, "सॉरी."

मावशी, तू सप्टेंबरात येणार आहेस ना? त्या महिन्यात आमच्या गावातही टेरीची धाव असते. चालत गेलं तरी चालतं. स्टिकरवर कोणाचं नाव लिहायचं, तेवढं ठरवून ये.