क्लच सुटत नव्हता: गाडी दारात उभी करून शोधलेला दोष

चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाट चढून आम्ही हेळवाकला पोचलो. पुढे एसटी थांबली, म्हणून मीही थांबले. क्लच तळापर्यंत दाबलेला, पहिला गिअर टाकलेला, उजवा पाय ब्रेकवर. ब्रेक जरा सैल केला आणि गाडी आपसूक पुढे सरकली. रस्ता सपाट होता. पाटणला एका दुकानापाशी गाडी मागे घ्यायला गेले, तर रिव्हर्स पडताना कर्रर्र असा आवाज झाला. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी दचकून माझ्याकडे बघितलं. पेडल पायाला मऊ लागत होतं आणि दाबून धरलं की आणखी बोटभर खाली जात होतं. भराभर दोनतीनदा दाबलं की मात्र गिअर नीट पडायचा. तसं पंप करत करतच घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. एक चक्कर मारून आल्यावर निदान झालं: क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, खर्च पाच आकडी. मी गाडी परत घरी आणली. पैशांचा प्रश्न होताच, पण मुख्य म्हणजे निदान पटत नव्हतं.

प्लेट झिजली की क्लच घसरतो. रेस वाढते पण गाडी ओढत नाही, चढावर दम तोडते, जळका वास येतो. आमच्या गाडीने आदल्याच दिवशी अख्खा घाट विनातक्रार चढला होता. माझी तक्रार नेमकी उलटी होती, क्लच सुटत नव्हता, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नव्हतं. खात्री करायला दारात गाडी उभी करून इंजिन बंद ठेवलं आणि सगळे गिअर टाकून बघितले. लोण्यासारखे पडले. इंजिन चालू केलं तर पहिला आणि रिव्हर्स अडले. म्हणजे गिअरबॉक्स ठीक, पण क्लच अर्धवटच सुटतोय. प्लेट वाकडी झाली किंवा तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचं बोट तुटलं तरी असं होऊ शकतं, पण तेव्हा पेडल पंप करून काही फरक पडत नाही. इथे पडत होता. दोष ऑइलच्या वाटेवरच कुठेतरी असणार, असं माझं मत झालं.

ही वाट तशी छोटी आहे. पेडलमागे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सवर स्लेव्ह सिलिंडर आणि दोघांना जोडणारा पाइप. पेडल दाबलं की मास्टरमधला पिस्टन ऑइल ढकलतो, ते ऑइल स्लेव्हचा पिस्टन ढकलतं, तो क्लचचा काटा हलवतो. ऑइल दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पुढे पोचतो. मध्ये हवेचा बुडबुडा आला तर तो दाबला जातो आणि काटा जागच्या जागी राहतो. ऑइल कुठून निसटलं तरी तोच परिणाम.

आधी बॉनेट उघडून टाकी बघितली. आमच्या गाडीत ब्रेक आणि क्लचला एकच टाकी आहे. क्लचची नळी टाकीच्या बऱ्याच वरच्या बाजूला निघते, म्हणजे क्लचचं ऑइल गळून गेलं तरी ब्रेकपुरतं तळाशी उरावं. ही रचना बघून मला फार बरं वाटलं. पातळी किमान रेषेच्या जरा खाली होती. रंग कोऱ्या चहासारखा. नवं ऑइल फिकट पिवळं असतं. पातळी उतरली म्हणजे गळती आहेच असं नाही, ब्रेक पॅड झिजले की तीही हळूहळू उतरते. पण गळती शोधणं भाग होतं. पेडलखालची मॅट उचलून बोट फिरवलं, कोरडं. पाइपचे जोड पुसून बघितले, कोरडे. स्लेव्ह आमच्याकडे बाहेर आहे, एअर फिल्टरचा डबा काढला की वरूनच हात पोचतो, जॅक लावून खाली शिरावं लागलं नाही. त्याची रबरी टोपी सोलून आत बघितलं, तिथेही फक्त धूळ. (काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती असतो. तो गळला तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही.)

बाहेर गळती नाही, मग हवा असेल असं धरून एअर काढायचं ठरवलं. सामान फारसं नव्हतं: दहाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, पाण्याची रिकामी बाटली आणि डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक-क्लच ऑइलची सीलबंद बाटली. घरात अर्धी उरलेली जुनी बाटली होती, ती मुद्दाम वापरली नाही. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ कोरडं असताना निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हाच आकडा 155 वर येतो. आणि टाकी ब्रेकचीही आहे. आणखी एक, या ऑइलने गाडीचा रंग उठतो. म्हणून मडगार्डवर जुनी चादर पसरली आणि बादलीभर पाणी जवळ ठेवलं.

पेडलवर सासूबाई बसल्या. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रल केला.

"आई, दाबा."

"दाबलं."

"तसंच धरा." मी स्लेव्हवरचा निपल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, अर्धा फेरा सैल केला. नळीतून काळपट ऑइल आलं, मागोमाग मोहरीएवढे बुडबुडे. निपल आवळला. "आता सोडा."

निपल आवळायच्या आत पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते, एवढंच पथ्य. आईंना ते एकदा सांगितलं, पुढे प्रत्येक वेळी त्या "सोडू का?" विचारूनच पाय उचलत होत्या. पेडल आपोआप वर येत नव्हतं, तेही त्या पायाच्या चवड्याने उचलून आणत होत्या. दर पाचसहा दाबांनंतर मी टाकी भरत होते, कारण ती क्लचच्या नळीखाली उतरली की सगळी मेहनत वाया. तिसाव्या दाबाच्या आसपास नळीत स्वच्छ पिवळं ऑइल आलं, बुडबुडे थांबले. पेडल कडक झालं. रिव्हर्स आवाज न करता पडला.

दोन दिवसच. तिसऱ्या दिवशी कोल्हापूर नाक्यावर सिग्नलला थांबले आणि पेडल पुन्हा खाली जाऊ लागलं. मला खरंच वाईट वाटलं.

टाकी बघितली, पातळी केसभरही हलली नव्हती. ऑइल बाहेर जात नाही, हवा नुकतीच काढलेली, तरी दाब टिकत नाही. मग तो आतल्या आत निसटतोय. घरी येऊन स्लेव्हच्या दांड्यापाशी पट्टी धरली आणि आईंना पेडल झटकन दाबायला सांगितलं. दांडा 13 मिलिमीटर पुढे आला. "आता तसंच धरून ठेवा." डोळ्यांदेखत दांडा मागे सरकू लागला. मिनिटभरात 7 वर आला. मग पेडल अगदी सावकाश दाबायला लावलं, तर तो 5 च्या पुढे गेलाच नाही.

झटकन आणि सावकाश, या फरकातच उत्तर होतं. मास्टरच्या पिस्टनवर रबराचा कप असतो. जोराने दाबलं की त्याची कड फुलून सिलिंडरच्या भिंतीला चिकटते. झिजलेला कप हळू दाबल्यावर फुलत नाही, ऑइल त्याच्या कडेने परत टाकीकडे निसटतं. म्हणून पंप केल्यावर गिअर पडत होता आणि सिग्नलला धरून ठेवल्यावर गाडी सरकत होती.

फक्त वॉशर किट, म्हणजे आतले रबरी भाग, टाकावं की अख्खा सिलिंडर, यावर मी अख्ख्याची बाजू घेईन. आतल्या भिंतीवर ओरखडे असतील तर नवा कपही तिथेच घासून मरतो.

सिरिंजने टाकी निम्मी उपसली. पेडलपाशी खिळीची स्प्लिट पिन काढली, दोन नट सोडले. पाइपच्या नटाला साधा पाना लावू नये, कडा गोल होतात. मी पाइप नटांचा खास पाना विकत आणला. नवा सिलिंडर बसवण्याआधी हातात धरून ऑइलने भरला आणि दांडा हळूहळू दाबून त्यातली हवा काढली, त्यामुळे नंतरचं काम निम्मं झालं. शेवटी पेडलकडचा दांडा आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात मिलिमीटरभर ढिलाई ठेवली. ती नसेल तर कप पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परतायचं भोक बंद राहतं, पाइपमध्ये दाब अडकतो आणि मग क्लच खरोखरच घसरायला लागतो.

पुन्हा आई पेडलवर, पुन्हा "सोडू का?". या वेळी पट्टीवर 14 आले आणि मिनिटभर धरूनही 14 च राहिले. रस्त्यावर काढण्याआधी गल्लीत हळू चालवून ब्रेक चारपाचदा तपासले.

संध्याकाळी वर्तमानपत्रावर जुना सिलिंडर उघडला. कपाची कड एका बाजूला नखाएवढी खाल्ली गेली होती, आणि भिंतीवर त्याच बाजूला एक बारीक उभा ओरखडा होता. चष्मा लावून आईंनी तो बराच वेळ उजेडात फिरवून बघितला. म्हणाल्या, "एवढ्याशा रबरासाठी गिअरबॉक्स उतरवणार होते होय गं?"