धातुकामाच्या पदव्युत्तर वर्गात बसण्याआधीचे आठ आठवडे

धातुकाम आणि हस्तकला डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला की बरेच विद्यार्थी लगेच दोन गोष्टींच्या मागे लागतात. एक, महागडी हत्यारं. दुसरी, प्रकल्पासाठी भारदस्त विषय. माझ्या मते दोन्ही नंतर केलं तरी चालतं. या वर्गांत कुणी आर्किटेक्चरमधून येतं, कुणी फाइन आर्टमधून, कुणी इंजिनिअरिंगमधून. पहिलं सत्र वाया जातं ते करवतीचं पातं सतत तुटतं आणि झाळलेला (सोल्डर वितळवून केलेला) जोड धरत नाही म्हणून. दोन वर्षांतलं अर्धं वर्ष अशा गोष्टींवर घालवू नये. महाविद्यालयाकडे भट्टी, रोलिंग मिल, पॉलिशची मोटर हे सगळं असतं, पण हात तयार करायला लागणारा वेळ मात्र तिथे मिळत नाही.

म्हणून आठ आठवडे एकाच धातूवर काढा, आणि तो धातू तांबं असू द्या. चांदी महाग आहे आणि नवख्या हाताला माफ करत नाही. स्टर्लिंग चांदी साधारण 800 अंश सेल्सिअसपासूनच वितळायला लागते, आणि हार्ड सोल्डर (जोडासाठी वितळवायचा, त्यातल्या त्यात उशिरा वितळणारा मिश्रधातू) त्याच्या जेमतेम काही अंश खाली वाहतं. तांबं वितळतं 1085 अंशांना, त्यामुळे चूक समजायला वेळ मिळतो. पितळ मधलं. त्यातलं जस्त फार तापलं की धूर होऊन उडतं, म्हणून ते दुसऱ्या टप्प्यावर ठेवा.

दुकानात पत्रा मागताना गेजच्या (जाडीच्या क्रमांकाच्या) घोळात सापडू नका. आपल्याकडे बहुतेक दुकानदार एसडब्ल्यूजी (ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेज) मापाने बोलतात, आणि परदेशी व्हिडिओ व पुस्तकं बरेचदा अमेरिकन गेजने. 20 गेज एसडब्ल्यूजी म्हणजे 0.91 मिमी, पण अमेरिकन 20 गेज म्हणजे 0.81 मिमी. 18 गेजला हाच फरक 1.22 आणि 1.02 मिमी इतका होतो. त्यामुळे मिलिमीटरमध्ये मागा आणि दुकानातच कॅलिपर लावून मोजा. सुरुवातीला 30 × 30 सेंमीचा 0.91 मिमी जाडीचा एक पत्रा पुरतो. तांब्याची घनता दर घन सेंमीला 8.96 ग्रॅम, म्हणजे वजन सुमारे 740 ग्रॅम भरेल. तराजूवर यापेक्षा बरंच वेगळं आलं तर जाडी तरी चुकलेली आहे किंवा धातू तरी. दुकानातच शिअर मशीनवर (पत्रा कापायच्या यंत्रावर) 6 सेंमीच्या चौकोनात कापून घ्या, 25 तुकडे होतात. घरी करवतीने कापायला गेलात तर 10 सेंमी खोलीची फ्रेम पत्र्याच्या मध्यापर्यंत पोचतच नाही. शिअरने कडा किंचित वळतात, त्या लाकडी मोगरीने सपाट करा.

हे 25 तुकडे म्हणजे तुमची नमुन्यांची वही. प्रत्येकावर अंकांच्या ठशाने क्रमांक मारा आणि कागदी वहीत त्या क्रमांकासमोर लिहा: जाडी, कितीदा ताव दिला (म्हणजे तापवून मऊ केलं), कोणता हातोडा, काय बिघडलं. फसलेला तुकडा फेकू नका. मुलाखतीत किंवा पहिल्या समीक्षेत चकचकीत वस्तूपेक्षा हे तुकडे जास्त बोलतात.

करवत

पातं फ्रेममध्ये बसवताना दाते खाली, म्हणजे मुठीकडे. फ्रेम छातीने टेबलावर दाबून पातं आवळायचं आणि सोडल्यावर नखाने छेडायचं. तारेसारखा टणक आवाज यायला हवा, भदभद वाजलं तर पातं सैल आहे आणि ते वळणावर तुटणारच. पात्याचा क्रमांक जाडीवरून ठरतो, कारण पत्र्याच्या जाडीत निदान दोन दाते एका वेळी असायला हवेत. 0.9 मिमीला 2/0 चालतं. 0.7 मिमीला त्याहून बारीक, 4/0 घ्या. जाडं पातं पातळ पत्र्यात अडकतं आणि झटक्यात तुटतं. नवख्याची पाती मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने तुटतात, ते म्हणजे पुढे दाब देणं. करवत फक्त वर-खाली न्यायची, खाली जाताना ती स्वतःच कापते. वळणावर पुढे सरकणं थांबवा, जागच्या जागी वर-खाली चालू ठेवा आणि पत्रा फिरवा. पात्याच्या पाठीला मेण लावा. पाती डझनाने नव्हे, ग्रोसने घ्या, 144 पाती आठ आठवड्यांत जास्त नाहीत.

सरावासाठी एक तुकडा घ्या. त्यावर 5 मिमी अंतरावर सरळ रेघा, मग लाटेसारख्या, मग आतल्या आत कापायचे आकार (1 मिमीचं छिद्र पाडून पातं त्यातून ओवायचं). रेघेच्या बाहेरच्या बाजूने कापा आणि उरलेला अर्धा मिलिमीटर कानशीने घालवा. कानस फक्त पुढे जाताना घासते. मागे आणताना उचलली नाही तर दाते बोथट होतात.

ताव

ठोकून ठोकून तांबं कडक होतं आणि पुढे चिरतं. त्याला मऊ करायला ताव द्यावा लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाली दिसली की पुरे, ते झालं साधारण 500 ते 600 अंश. हेच काम भर उन्हात केलं तर लाली दिसत नाही, माणूस तापवतच राहतो आणि धातूचे कण मोठे होतात. मग वाकवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो आणि तो पॉलिशने जात नाही. खिडकीचा पडदा ओढून घ्या. तांबं लालीवरून सरळ पाण्यात बुडवलं तरी चालतं. पितळाला मात्र लाली पूर्ण गेल्यावरच पाणी दाखवा, नाहीतर आतल्या ताणाने ते चिरू शकतं.

6 सेंमीच्या तुकड्याला हातातला ब्युटेन टॉर्च पुरतो. 20 सेंमीच्या थाळीला नाही पुरत, कारण तांबं उष्णता इतक्या वेगाने पसरवतं की एक बाजू तापेपर्यंत दुसरी निवते. मोठ्या कामाला एलपीजीचा मोठा बर्नर आणि तिन्ही बाजूंनी फायरब्रिकचा आडोसा लागतो.

तावानंतरची काळी पापुद्री काढायला घरच्यासाठी लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) उत्तम: 1 लिटर गरम पाण्यात 100 ग्रॅम. दहा-पंधरा मिनिटांत तांबं गुलाबी निघतं. वर्गात 10 टक्के गंधकाम्ल असू शकेल, तिथे नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. कोणत्याही द्रावणात लोखंडी चिमटा बुडवू नका. लोखंड आत गेलं की द्रावणात उतरलेलं तांबं सगळ्या वस्तूंवर गुलाबी थर होऊन बसतं. तांब्याचा, प्लास्टिकचा किंवा बांबूचा चिमटा वापरा.

ठोकणं

पुण्यातल्या तांबट आळीच्या (तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या वस्तीच्या) मठारकामाने, म्हणजे हातोड्याच्या ओळीने मारलेल्या ठोक्यांनी, भांड्याला नुसती चमक येत नाही. ओळीने पडलेल्या प्रत्येक ठोक्याने पत्रा कडक होतो, म्हणून पातळ पत्र्याचा हंडाही दणकट राहतो. हे हाताला कळण्यासाठी आधी हातोडा तयार करावा लागतो. हातोड्याच्या तोंडावरचा प्रत्येक ओरखडा प्रत्येक ठोक्यागणिक तांब्यावर छापला जातो. नवा हातोडा 220, 400, 800, 1200 अशा क्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिश-कागदांवर घासा आणि शेवटी पॉलिश करा. तोंडाच्या धारदार कडा गोल करा, नाहीतर अर्धचंद्राचे वण पडतात. मेख किंवा ऐरण, जिच्यावर काम ठेवता तिचंही हेच.

वाटी करायची असेल तर चकती केवढी घ्यायची हा पहिला प्रश्न. अंदाज सोपा आहे: वाटीचा व्यास अधिक तिची खोली. 10 सेंमी व्यासाच्या, 5 सेंमी खोल अर्धगोलाला 15 सेंमी चकती येते. नेमकं गणित केलं तर 14.1 सेंमी, आणि वरचा जवळपास सेंटिमीटर कड छाटायला उपयोगी पडतो. चकतीवर कंपासने सेंटिमीटरच्या अंतराने वर्तुळं काढा. लाकडाच्या ओंडक्यात कोरलेल्या खळग्यात कडेपासून सुरू करून एकेक वर्तुळ ठोकत आत या. कडेला चुण्या पडायला लागतील. चुणी दिसली की तिथेच थांबून मोगरीने ती उघडा. चुणी एकदा स्वतःवर दुमडली की तिच्या घडीवरच चीर जाते आणि ती वाटी वाचत नाही. एक फेरी संपली की ताव. "अजून थोडं चालेल" म्हणून ताव टाळणं हेच फाटलेल्या वाट्यांचं सगळ्यात मोठं कारण आहे.

वर्ग सुरू होण्याआधी एखाद्या कारागिराकडे एक पूर्ण दिवस बसता आलं तर नक्की बसा. फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि त्यांच्या दिवसाचे पैसे द्या. मेखेची उंची मांडीच्या तुलनेत किती, कोपर कुठे टेकतं, एका फेरीत किती ठोके, आणि कोणत्या क्षणी ते "आता ताव" म्हणतात, हे मोजून टिपा. ठोक्याचा आवाज बदलतो. मऊ तांबं मंद बोलतं, कडक झालेलं टणटणतं. या कारागिरांचे कान ज्या क्षणी हे पकडतात, तो क्षण कुठल्याही पुस्तकात नीट लिहिलेला नाही.

झाळणं

सोल्डर फट भरत नाही. ही एक ओळ मनात पक्की बसली तर अर्ध्या तक्रारी मिटतील. दोन कडा उजेडासमोर धरा. मधून प्रकाश दिसला तर पुन्हा कानस. मग टाकणखाराची (बोरॅक्सची) पेस्ट लावा आणि हळू तापवा. घाईने तापवलं तर टाकणखार फुगून सोल्डरचे तुकडे उचलून फेकतो. तो काचेसारखा पातळ झाला की ज्योत वाढवा. सोल्डर नेहमी जास्त तापलेल्या बाजूकडे पळतं, म्हणून सपाट पत्र्यावर उभी पट्टी झाळताना ज्योत खालच्या पत्र्यावर ठेवा. पट्टी पातळ असते, ती आपोआप तापते.

सोल्डर गोळी होऊन बसलं तर तीन शक्यता: धातू मळका आहे, टाकणखार जळून संपलाय, किंवा तुम्ही सोल्डर तापवताय आणि धातू थंडच आहे. अशा वेळी आणखी सोल्डर घालू नका. निववा, द्रावणात साफ करा, पुन्हा टाकणखार लावा. एकाच वस्तूत अनेक जोड असतील तर हार्ड, मग मीडियम, मग ईझी हाच क्रम, म्हणजे उशिरा वितळणारं सोल्डर आधी. विकत घेताना कॅडमियम-मुक्त आहे का हे विचारून घ्या, कॅडमियमचा धूर फुफ्फुसांना गंभीर इजा करतो. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड कधीच तापवू नका. सुती कपडे, बंद बूट, केस बांधलेले. पॉलिशच्या मोटरवर हातमोजे, ओढणी, सैल बाह्या यांतलं काहीही नको, कारण मोटर कापडाबरोबर बोटंही ओढते. ठोकताना कानांना संरक्षण हवं, ऐकू कमी येऊ लागलं तर ते परत येत नाही.

हत्यारांत स्वतःची हवीत ती एवढीच: करवतीची फ्रेम, कॅलिपर, डिव्हायडर (दोन टोकांचा, अंतर आखायचा कंपास), स्क्राइबर (धातूवर रेघ ओढायची सुई), 6 इंची अर्धगोल कानस, सुईकानशींचा संच, एक चांगला हातोडा, एक मोगरी. बाकी थांबा.

घरातली जुनी भांडी हा फुकटचा अभ्यास आहे. तांब्याची जुनी घागर उलटी करून पाहा. दोन भाग जिथे जोडलेत तिथे दातेरी पिवळी रेघ दिसू शकते. पत्र्याला दाते कापून, एकमेकांत अडकवून पितळाने झाळलेला तो जोड असतो. दाते का? कारण जोडाची लांबी वाढते आणि तापवताना भाग सरकत नाहीत. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते पाहा, पण नक्षीकडे नंतर. आधी अडकित्त्याची खीळ कशी बसवलीय, समईचे भाग आट्यांनी जोडलेत की नुसते एकमेकांत बसवलेत, हे काढून आणा. चित्र 1:1 मापात, एक छेद आणि मापांसकट.

आता विषय. "परंपरा आणि आधुनिकतेचा संगम" यावर दोन वर्षं काम होत नाही, कारण त्यात मोजण्यासारखं काही नाही. छोटा प्रश्न घ्या. उदाहरणार्थ: 0.71 मिमीचा मठारलेला पत्रा 0.91 मिमीच्या सपाट पत्र्याची जागा घेऊ शकतो का? घेतली तर 22 टक्के तांबं वाचतं, आणि ज्याची किंमत वजनावर ठरते त्या भांड्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

याची पहिली चाचणी घरीच होते. 20 × 3 सेंमीच्या पट्ट्या घ्या: एक 0.91 सपाट, एक 0.71 सपाट, एक 0.71 मठारलेली. तिन्हींना आधी ताव, मग तिसरीला ठोके. दोन टेकूंमध्ये 16 सेंमी अंतर ठेवून मधोमध आधी 200, मग 400, 600 ग्रॅम वजन ठेवा. प्रत्येक वेळी किती वाकली हे टिपा, आणि वजन काढल्यावर किती परत आली हेही. हा दुसरा आकडा महत्त्वाचा. ठोकल्याने तांब्याची मूळ ताठरता जवळपास बदलत नाही, कमी वजनाखाली दोन्ही 0.71च्या पट्ट्या साधारण सारख्याच वाकतील. बदलते ती परत येण्याची मर्यादा: सपाट, मऊ पट्टी वाकलेलीच राहील तिथे मठारलेली सरळ होईल. ठोके खोल असतील तर पत्र्याला आलेल्या उंचसखलपणाने ताठरताही थोडी वाढू शकते, म्हणून ठोक्याची खोली नोंदवा. ठोकताना पट्टी पसरून पातळ होते, तेव्हा चाचणीआधी तिची जाडी आणि रुंदी पुन्हा मोजा. आणि सगळ्या पट्ट्या पत्र्याच्या एकाच दिशेने कापलेल्या असू द्या.