न मागितलेला पंप

इंग्लंडमधल्या एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, मी फार्मासिस्ट आहे आणि नेहमीच्या औषधांसाठी रुग्णांनी पाठवलेल्या मागण्या तपासणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. बहुतेक मागण्या एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, ॲपवरून येतात. काही वयस्कर मंडळी मात्र अजूनही प्रिस्क्रिप्शनसोबत मिळालेल्या यादीवर खुणा करून तो कागद दारातल्या पेटीत टाकतात.

2025च्या ऑगस्टमधल्या बँक हॉलिडेआधीच्या शुक्रवारी, जोडून आलेल्या सुट्टीमुळे फुगलेल्या त्या यादीत गोदामात रात्रपाळी करणाऱ्या एका तरुणाची मागणी होती. त्याला दम्याचा निळा पंप, म्हणजे सॅल्ब्युटामॉल, शक्य तर त्याच दिवशी हवा होता. मागणी मुदतीआधी आल्याचा इशारा संगणकाने दिला होता, आणि ती नाकारणे नियमाला धरूनच झाले असते. पण दमेकऱ्याला तीन दिवसांच्या सुट्टीत पंपाविना ठेवणे मला पटेना, म्हणून मी त्याच्या जुन्या नोंदी उघडल्या. वर्षभरात त्याने 12 निळे पंप नेले होते आणि हा तेरावा होता. एका पंपात 200 फवारे असतात, म्हणजे सरासरी रोज सहा-सात. श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवणारा तपकिरी, स्टिरॉइडचा पंप मात्र त्याने हिवाळ्यापासून मागितलाच नव्हता. दम्याने झालेल्या मृत्यूंचा ब्रिटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर आढावा घेतला गेला आणि त्याचा अहवाल 2014 साली आला; त्यात अशा तात्पुरत्या आरामाच्या पंपांची संख्या नोंदलेल्या 165 मृतांपैकी 65 जणांना अखेरच्या वर्षात 12हून अधिक पंप लिहून दिलेले आढळले होते.

मी लगेच फोन केला. तो सलग वाक्ये बोलू शकत होता, हा दिलासा. पण दिवसा झोपेतून धाप लागून जाग येते, असे त्याने सांगितले. तपकिरी पंपाचे विचारताच तो संकोचून म्हणाला, की दोन्ही परवडत नाहीत. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे 9.90 पाउंड भरावे लागतात. औषधावर असलेल्या मधुमेहींना ते माफ आहेत, पण दम्याला ती सवलत नाही (वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये हे शुल्कच नाही). एकच घ्यायचा, तर क्षणात छाती मोकळी करणारा घ्यावा, हा त्याचा हिशेब मला तरी अडाणीपणाचा वाटला नाही. त्यातला खरा दैवदुर्विलास असा, की 12 निळ्या पंपांसाठी त्याने 118.80 पाउंड मोजले होते आणि वर्षभराच्या औषधांचे शुल्क आगाऊ भरण्याच्या 114.50 पाउंडांच्या प्रमाणपत्रात त्याला दोन्ही पंप मिळाले असते, तेही 10 हप्त्यांत पैसे भरून. असे प्रमाणपत्र असते, हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

त्याच दुपारी दम्याच्या नर्सने त्याला तपासले आणि बुडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप सुरू केला. दम्यावरच्या उपचारांसाठी नोव्हेंबर 2024मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा एकच पंप रोजच्या उपचारासाठी आणि अचानक धाप लागल्यावरही वापरता येतो, त्यामुळे शुल्कही एकाच औषधाचे पडते. निळा आणि तपकिरी असे दोन्ही पंप मी त्याच्या यादीतून काढले, नवे प्रिस्क्रिप्शन दुकान बंद होण्याआधी पोहोचेल याची फोनवर खात्री केली आणि चार आठवड्यांनी त्याची पुन्हा तपासणी ठेवली.