ब्लँकमध्येही बँड

कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी दीड किलोमीटरपर्यंत बोअर घेतले गेले, नंतर गोठण्याला तर तीन किलोमीटरपर्यंत. आम्हा सूक्ष्मजीववाल्यांचा डोळा त्यातून निघालेल्या दगडावर. इथला वरचा दगड बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि मंगळाचं कवचही मुख्यतः बेसाल्टचंच. वर किरणोत्सार आणि परक्लोरेट नावाचे मारक क्षार, त्यामुळे तिथे कुणी तग धरला असेलच तर खाली, ओल्या भेगांत. दगडातल्या लोहाशी पाण्याची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि काही जिवाणूंचं तेवढ्यावर भागतं. ऊन लागत नाही.

त्या दिवशी बेसाल्टखालच्या ग्रॅनाइटचा कोअर, म्हणजे बोअरमधून काढलेला दगडाचा दंडगोल, फोडायचा होता. बोअर घेताना सोडलेलं पाणी दगडाच्या बाहेरच्या थरात मुरतं. म्हणून कोअर स्पिरिटने पुसायचा, ज्योतीवरून फिरवायचा, छिन्नीने चहूबाजूंनी साल उडवायची आणि उरलेला गाभा तेवढा खलात कुटायचा. खांदे भरून येतात. एवढं करून डीएनए मिळालाच तर नॅनोग्रॅममध्ये.

संध्याकाळी पीसीआरने डीएनएच्या प्रती वाढवून जेलवर चालवल्या आणि जेल यूव्ही दिव्याखाली धरलं. नमुन्याच्या लेनमध्ये बँड, म्हणजे डीएनएची चमकती पट्टी, अगदी हवा तिथे! प्रकल्पातली मुलगी टाळ्याच वाजवायला लागली. मीही मनात पेपरचं शीर्षक जुळवत होते. मग तीच वाकून म्हणाली, "मॅडम, ब्लँकमध्येपण आलंय."

फिकट, पण होता. ब्लँक म्हणजे दगड न घालता केलेलं डीएनएचं एक्स्ट्रॅक्शन. तिथे काहीच दिसायला नको. नुसत्या पीसीआरच्या टप्प्याचा ब्लँक मात्र स्वच्छ. म्हणजे संशय डीएनए काढायच्या किटवर. किटच्या रसायनांतच राल्स्टोनियासारख्या जिवाणूंचा डीएनए असतो, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. मातीच्या नमुन्यात ते झाकलं जातं, इथे नमुनाच तोळामासा.

मंगळावर गेलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरने दगडाच्या नमुन्यांसाठी ४३ नळ्या नेल्या, त्यांतल्या ५ साक्षीदार नळ्या. त्यांत दगड भरायचाच नाही. आमचा ब्लँक तो हाच. पृथ्वीवरून काय सोबत गेलं, ते त्यांवरून कळणार. आणि रोव्हरचे नमुनेही वरवरच्या दगडाचेच. मंगळावरच्या इनसाइट यानाने टिपलेल्या कंपलहरींवरून २०२४ मध्ये मांडलेला अंदाज द्रव पाणी ११.५ ते २० किलोमीटर खाली असल्याचा आहे. तिथे पाठवायच्या रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरचं ड्रिल जाणार २ मीटर.

सरांना फोन केला. "दगड किती उरलाय?" एवढंच त्यांनी विचारलं. अर्धा होता. दुसऱ्या बनावटीचं किट मागवायचं आणि तीन ब्लँक लावायचे, असं ठरलं. किटची फाइल अजून खरेदी विभागात फिरतेय.